रोज एकदा हाताखालून

पोरी, पिल्लू घरी आणलंस ते बरं केलंस. फोटो बघितला. करडा रंग, लांब पाय, आत ओढलेलं पोट, म्हणजे अंगात थोडंफार चिप्पिपाराई या तमिळ जातीचं रक्त असणार. आता सासरेबुवा म्हणतात, "देशी कुत्र्याला कसलं विंचरणं न् कसलं न्हाणं, ते काय केसाळ आहे?" हे मी विट्यातही ऐकलंय आणि जतमध्येही. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. तू फक्त रोज संध्याकाळी दहा मिनिटं काढ, आणि ती त्यांच्या देखत काढ. थोड्या दिवसांनी तेच विचारतील, आज काही सापडलं का म्हणून.

विंचरताना केस हे निमित्त असतं. केसांखालची कातडी, कातडीखालची गाठ, बोटांच्या बेचक्यातला गोचीड, कानातली घाण, हिरडीचा रंग, हे सगळं रोज एकदा नजरेखालून आणि हाताखालून जावं म्हणून विंचरायचं. मी स्टॉकमन म्हणून सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात काढली. कुत्रं यायचं ते बहुतेक वेळा उशिरा. मालक सांगायचा, "कालपर्यंत ठणठणीत होतं हो!" काल त्याच्या अंगाला कुणी हातच लावलेला नसायचा.

तुझ्या पणजोबांकडं मेंढरांमागं फिरणारी कुत्री असायची. दिवेलागणीला ते एकेक कुत्रं पायांत घ्यायचे आणि शेपटीकडून मानेकडं, केसांच्या उलट हात फिरवायचे. तोंडानं गप्पा चालू, हात चालू. मध्येच हात थांबला की समजायचं, काहीतरी लागलं. सरळ हात फिरवला की केस बसतात आणि सगळं झाकून जातं. उलटा फिरवला की केस उभे राहतात, कातडी दिसते, बारीकशी पुळीसुद्धा बोटाला लागते. म्हणून आधी उलटा हात, मग सरळ ब्रश. त्यांनी मला दिलेला कानमंत्र एवढाच. बाकीचं मी दवाखान्यात शिकलो ते सांगतो.

सासरेबुवांना पटवायचंच असेल तर तंजावरचं सांग. तुझ्या सासरच्यांसारखी आपली खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळी सोनं आटवायला तमिळ मुलखात गावोगाव गेली, ती अलीकडची गोष्ट. तंजावरला भोसल्यांची गादी सतराव्या शतकापासून होती. त्यातले दुसरे सरफोजी राजे, 1798 ते 1832 गादीवर असलेले, त्यांनी धन्वंतरी महाल काढला होता. तिथं माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधं तयार व्हायची. सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती-घोड्यांच्या शास्त्रावरची सचित्र हस्तलिखितं आजही आहेत. राजाच्या पागेत घोड्याला खरारा रोज व्हायचा तो काय केवळ तुकतुकी दिसावी म्हणून? जखम, खोगिराचा घट्टा, नालेची कुरकुर, सगळं खरारा करणाऱ्यालाच आधी कळायचं. कुत्र्याचंही तसंच आहे. आणि देशी म्हणजे हलकं, हा समज तर त्यांनी सोडूनच द्यावा. चिप्पिपाराई, तमिळनाडूतलंच पांढरं राजपाळयम आणि आपल्या घोरपड्यांच्या मुधोळचं कुत्रं, या तिन्ही जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं 2020 साली केली आहे. राजपाळयम आणि मुधोळ तर 2005 साली टपाल तिकिटावरही आले.

आता साहित्य. फार काही लागत नाही. रबरी दातांचा हातमोजा, उवांची बारीक फणी, टोक बारीक असलेला चिमटा, जुनं पांढरं धोतर किंवा पंचा, आणि उकडलेल्या अंड्याचे चार तुकडे. अंडं कुत्रीसाठी, तुझ्यासाठी नव्हे. पाय धरू दिला, एक तुकडा. कान उलटा करू दिला, एक तुकडा. पायसममधले मनुके मात्र लाडानं देऊ नकोस. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. चॉकलेट नको, कांदा नको, आणि पितळी डबऱ्यातली उरलेली डिग्री कॉफीही नको.

पिल्लू लहान आहे तोवरच ही सवय लाव. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू जे अनुभवतं ते त्याला पुढं जन्मभर परकं वाटत नाही. या दिवसांत पंजा दाबून बघ, ओठ वर करून दात बघ, शेपटी उचल, पोटावर हात फिरव. काम नसलं तरी कर. मोठेपणी डॉक्टरांनी पाय धरला की चावायला उठणारी कुत्री असतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांचे पाय आधी कुणी धरलेलेच नसतात. मग सुई लावायला चार माणसं लागतात, मालक कंटाळतो, आणि पुढच्या वर्षीची रेबीजची लस चुकते. पंजा धरू देण्याचा आणि रेबीजचा संबंध असा आहे.

गोचिडांविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण तिकडं मेलकावेरीत तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होणार. एका बाजूला कावेरी, दुसऱ्या बाजूला अरसलार, भोवती भाताची खाचरं, हवा बाराही महिने उबदार आणि दमट. गोचिडाला आणखी काय पाहिजे? आपल्याकडं माणदेशात थंडीत तो जरा तरी आटोक्यात येतो. तिकडं त्याला सुट्टीच नाही.

कुत्र्याचा तपकिरी गोचीड हा गुरांच्या गोचिडापेक्षा वेगळा. तो घरात राहतो. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते, भिंतीला धरून वर चढते आणि भेगेत, चौकटीच्या मागं, खाटेच्या सांध्यात हजारो अंडी घालून मरते. त्यातून निघालेलं पिल्लू मोहरीपेक्षा बारीक, सहा पायांचं. ते कुत्र्यावर चढून रक्त पितं, गळतं, कात टाकतं, आठ पायांचं होतं, पुन्हा चढतं. असं तीनदा. आणि उपाशीपोटी महिनोन्‌महिने भेगेत दबा धरून बसू शकतं. म्हणून ज्या कुत्र्याच्या अंगावर पाच गोचीड दिसतात, त्याच्या घराच्या भिंतीत किती असतील याचा हिशेब तूच कर. नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. भेगा सिमेंटनं किंवा पुट्टीनं बुजवून घे, तिचं अंथरूण कडक पाण्यात धुऊन उन्हात टाक, कोपरे आणि चौकटी रोज झाडून काढ. मेलकावेरीतलं तुमचं घर जुनं, चुनेगच्ची भिंतींचं असेल तर हे काम दुप्पट मानून चाल.

अंगावर बघायचं कुठं? नुसतं पाठीवर बघून उपयोग नाही. कानाच्या आत आणि मागं, पट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, जांघेत, शेपटीखाली, पापणीच्या कडेला आणि पंजाच्या बेचक्यांत. पट्टा रोज काढून बघायचा, हे तर कुणी करतच नाही. बेचकं बघताना प्रत्येक बोट वेगळं कर. खालून, वरून. बारीक गोचीड तिथं तिळाएवढा दिसतो आणि लोक त्याला तीळच समजतात. शंका आली की नखानं हलकेच हलव. पाय हलले तर गोचीड.

सापडला की चिमटा अगदी कातडीला टेकवून त्याच्या तोंडापाशी धर आणि सरळ, सावकाश ओढ. हिसका नको, पीळ नको. पोटाला धरून ओढलंस तर तोंड आत राहतं आणि पोट फुटतं. काढलेला गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाक. दोन नखांत चिरडायचा नाही. गावाकडं सगळे चिरडतात, टचकन आवाज आला की समाधान वाटतं, पण त्या रक्तातलं जे काही असेल ते आपल्या बोटांना लागतं. पेटती उदबत्ती लावणं, रॉकेलचा बोळा फिरवणं, हेही नको. त्यानं गोचीड सुटायच्या आधी कातडी भाजते.

एवढा आटापिटा का, तर गोचिडाबरोबर येणारे ताप. एर्लिचिया आणि बबेसिया, ही दोन नावं लक्षात ठेव, डॉक्टर तीच घेतील. एर्लिचियात रक्तातल्या प्लेटलेट घटतात. कुत्रं आधी नुसतं मलूल होतं, खाणं अर्धवट टाकतं, ताप येतो-जातो. घरातल्यांना वाटतं, उन्हानं झालं असेल. मग एक दिवस नाकातून रक्त येतं किंवा पोटाच्या कातडीवर लालसर ठिपके उठतात. बबेसियात रक्तपेशीच फुटतात, लघवी गडद होते. हेपॅटोझून नावाचा तिसरा प्रकार तर चावण्यानं होतच नाही. कुत्र्यानं स्वतःला चाटता-चाटता गोचीड गिळला की होतो. म्हणजे त्या दिवशी तू तो काढला असतास तर आजार टळला असता. वेळेत कळलं तर यातल्या बहुतेक तापांवर औषध आहे. फक्त दुकानातून स्वतः गोळ्या आणून द्यायच्या नाहीत. रक्त तपासून घ्यायचं.

म्हणून रोजच्या दहा मिनिटांत हिरडी बघायचीच. ओठ वर कर, हिरडीवर अंगठा दाब, सोड. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. निरोगी असताना तिचा रंग कसा आहे ते आत्ताच बघून ठेव, म्हणजे उद्या फिका पडला तर कळेल. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. तशी असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

पिसवांचं एक सांगतो. पिसू डोळ्यांना सापडत नाही, पळते. तिची विष्ठा सापडते. बारीक फणी शेपटीच्या मुळाशी, कमरेवर चार-पाच वेळा ओढ आणि जे निघेल ते ओल्या पांढऱ्या पंचावर झटक. काळे कण पडतील. मिनिटभर थांब. कण विरघळून भोवती गंजासारखा लाल डाग पसरला तर ते पचलेलं रक्त आहे, म्हणजे पिसवा आहेत. काळं तसंच राहिलं तर माती. पिसू गिळल्यानं कुत्र्याला पट्टकृमी होतात, तेव्हा पिसवा दिसल्या की जंताच्या औषधाचंही डॉक्टरांना विचार. शेणात, म्हणजे तिच्या विष्ठेत, तांदळाच्या दाण्यासारखं काही हललं तर वाट बघू नकोस.

गोचीड-पिसवांवर औषध द्यायचं ते वजनावर. मानेवर थेंब टाकायचं असतं, पट्टा असतो, गोळ्या असतात, काही महिनाभर चालतात, काही तीन महिने. फिट येणाऱ्या कुत्र्याला काही गोळ्या चालत नाहीत. सगळं डॉक्टरांना सांगून घे. एक मात्र कधीही करायचं नाही. गुरांच्या गोचिडांसाठी जे औषध पाण्यात मिसळून फवारतात, ते अंदाजपंचे बादलीत ओतून कुत्र्याला न्हाऊ घालायचं नाही. आपल्या भागात हे सर्रास चालतं. मग कुत्रं लाळ गाळत, थरथरत दवाखान्यात येतं. आणि शेजारपाजारी मांजर असेल तर आणखी जप, कुत्र्याची काही औषधं मांजराच्या जिवावर उठतात.

आजीच्या बटव्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, ते विचारलंस. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी अंगावरून ओतलंस तर बिघडत नाही, पण त्यानं गोचीड मरतील या भ्रमात राहू नकोस. खोबरेल तेल कोरड्या पंजाला बोटभर लावायला हरकत नाही. तंबाखूचं पाणी, रॉकेल, जळकं ऑईल, डांबरगोळ्या, कापूर, फिनेल, हे सगळं बंद. कुत्रं अंग चाटतं हे विसरायचं नाही. बाहेरून लावलेलं प्रत्येक औषध शेवटी पोटात जाणार असं धरूनच चालायचं. जखमेवर हळदीचा लेप थापला की आत काय चाललंय ते दिसेनासं होतं, म्हणून तोही नको. मिठाच्या कोमट पाण्यानं धुऊन उघडी बघ.

न्हाऊ घालणं हे विंचरण्याइतकं वरचेवर करायचं नाही. आखूड केसांच्या कुत्रीला तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. दर रविवारी साबण लावून चोळलं तर कातडीचा नैसर्गिक तेलकटपणा निघून जातो, कोंडा होतो, खाज सुटते, आणि खाज सुटली म्हणून लोक पुन्हा न्हाऊ घालतात. माणसाच्या कातडीपेक्षा कुत्र्याची कातडी पातळ, आणि माणसाची जरा आम्लधर्मी तर त्याची उदासीनच्या जवळ. म्हणून आपला साबण, आपला शाम्पू त्याला मानवत नाही. भांड्याचा साबण तर नाहीच. कुत्र्यांचाच शाम्पू घे, आणि औषधी असेल तर फेस करून दहा मिनिटं अंगावर ठेवून मग धू. ही दहा मिनिटं बहुतेक जण देत नाहीत आणि मग शाम्पूला नावं ठेवतात.

विंचरून घ्यायचं ते न्हाण्याच्या आधी, नंतर नव्हे. मेलेले केस आधी निघाले की पाणी कातडीपर्यंत पोचतं आणि अंग लवकर वाळतं. वाळवणं हे न्हाण्याइतकंच मोठं काम आहे. नदीत पोहून आली म्हणजे अंघोळ झाली, असं तिथं कुणी सांगेल. जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं की कावेरी भरते, पोरं डुंबतात, कुत्रीही उतरतात. उतरू दे, पण घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन, पंचानं टिपून, कान कोरडे करून मगच सोड.

तुमचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडं दसरा-दिवाळीला आभाळ मोकळं होतं, तेव्हा तुमच्याकडं भरून येतं. त्या दिवसांत पंजा हीच मुख्य जागा. बेचक्यात ओल राहिली की बुरशी धरते, कातडी लाल होते, आंबूस वास येतो आणि कुत्री रात्रभर पंजा चाटत बसते. पांढऱ्या केसांच्या कुत्र्याचे पंजे लाळेनं तांबूस झालेले दिसतात, ते याच चाटण्यानं. खाचरातल्या आणि तुंबलेल्या पाण्यात उंदराच्या मुताबरोबर लेप्टोस्पायरा नावाचे जंतू असतात, ते कातडीवरच्या ओरखड्यातून आत शिरतात, कुत्र्याच्याही आणि माणसाच्याही. म्हणून फिरून आली की चारही पंजे स्वच्छ पाण्यानं धुऊन, बोटाबोटांतून पुसून घे, हातात मोजे घालून. या आजाराची लस वर्षाच्या लसीत घातली आहे का, तेही बघून घे. याच दिवसांत जखमेवर माशी बसते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. उंदरानं कुरतडल्यासारखं छोटं भोक, घाण वास, आणि कुत्री सारखी तीच जागा चाटते, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शेतातून आली तर कुसळं शोध. बेचक्यात किंवा कानात घुसलेलं कुसळ पुढंच सरकतं, मागं येत नाही.

आणि एक तुमच्या घरापुरतं. खाली गलाईचं दुकान, वर घर, अशी तुमची मांडणी. तेजाबाच्या बरण्या जिथं आहेत तिथं कुत्रीला पाऊल टाकू द्यायचं नाही. फरशीवर सांडलेला थेंब माणसाच्या चपलेला लागतो, तिच्या उघड्या पंजाला लागतो, आणि मग ती तो चाटते. कधी असं झालंच तर चाटू न देता वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं पंजा धर आणि लगेच डॉक्टर गाठ. दुकानाच्या दाराला कमरेएवढं फाटक करून घे. हे सासरेबुवांना सांगायला लाजू नकोस.

उन्हाळ्याचं थोडक्यात. तुमच्याकडं मे महिन्यात अग्नी नक्षत्र म्हणतात ते दिवस कडक. कुत्र्याला घाम फक्त पंजातून येतो, बाकी गारवा धापा टाकूनच. रस्त्याला हाताची मागची बाजू टेकव. सात सेकंद ठेववत नसेल तर तिला त्यावरून नेऊ नकोस. शेजारणीच्या केसाळ कुत्र्याचा गोटा करायचा का, असं तिनं विचारलंय. स्पिट्झसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याचा गोटा करायचा नाही. वरचे केस ऊनही अडवतात, आणि भादरल्यावर पुष्कळदा पूर्वीसारखे येत नाहीत. आतली मऊ लव विंचरून काढायची, म्हणजे वारा खेळतो. ल्हासा, शिह त्झू यांचे केस वाढतच राहतात, ते आखूड कापायला हरकत नाही. त्यांना रोज फणी हवीच, नाहीतर केसांच्या जटा होतात, जटेखाली कातडी ओढली जाते, ओल कोंडते आणि एका रात्रीत तळहाताएवढी चिघळलेली जखम तयार होते. पार्लरमध्ये नेणार असेल तर मशीनची पाती दर कुत्र्यानंतर निर्जंतुक करतात का, हे तिनं विचारावं. नायटा पात्यावरून पसरतो, आणि तो माणसालाही होतो. खरूजही कुत्र्यावरून माणसाला लागते. लूत लागलेलं कुत्रं म्हणून लोक हाकलून देतात, पण लूत हा नशिबाचा भोग नाही, किड्याचा आजार आहे आणि बरा होतो.

कानाचं सोपं आहे. जेवढं डोळ्यांना दिसतं तेवढंच कापसानं पुसायचं, काडी आत घालायची नाही. वास आला, काळपट घाण साठली, ती मान झटकायला लागली, तर दवाखाना. सारखी मान झटकून कानाच्या पाळीत रक्त साकळतं आणि पाळी फुगते, मग शस्त्रक्रियेचं काम होतं.

नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की वाढली समज. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडं कापायचं. काळ्या नखात दिसत नाही, तिथं तांदळाएवढं, तांदळाएवढं कापत जा, कापलेल्या तोंडात मधोमध गडद ठिपका दिसला की थांब. रक्त आलंच तर मक्याचं पीठ दाबून धर. पायाच्या आतल्या बाजूला वर असतं ते अंगठ्याचं नख कधी विसरू नकोस. ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही, गोल वळून मांसात रुततं.

दात रोज घासलेस तर उत्तम, आठवड्यातून तीनदा घासलेस तरी मी खूश. आपली टूथपेस्ट चालत नाही. कुत्रं ती थुंकत नाही, गिळतं, आणि काहींत झायलिटॉल असतं, ते त्याच्यासाठी विष. शिजवलेलं हाड दात साफ करायला म्हणून देतात, ते फुटून आतड्यात टोचतं.

आठवड्यातून एकदा तिला आडवी पाडून पोट चाचप. मादीच्या स्तनांच्या दोन रांगा असतात, काखेपासून जांघेपर्यंत. एकेक स्तन दोन बोटांत घेऊन बघ. हरभऱ्याएवढी टणक गाठ लागली तर ती वाढायची वाट बघायची नाही. कुत्रीत स्तनाचा कर्करोग पुष्कळ आढळतो. पहिल्या माजाच्या आधी नसबंदी केली तर त्याचा धोका खूपच कमी होतो, म्हणून ती कधी करायची हे आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठेव. बुड जमिनीवर घासत फिरली तर गुदग्रंथी भरल्या असतील. त्या तू दाबू नकोस, डॉक्टर दाबतील.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची कणव येणार, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. खायला घाल, पण विंचरायला, गोचीड काढायला बसू नकोस. कोणत्याही कुत्र्याचा दात लागला किंवा ओरखडा गेला तर जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करायची. लिंबू, चुना, मिरची काही लावायचं नाही.

आता शेवटचं काम. एक वही कर. तारीख, वजन, काय सापडलं, कुठं सापडलं, लस कधी, जंताचं औषध कधी. ताप बघायला शिक, गुदद्वारात थर्मामीटर घालून. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं, आपल्याला ताप वाटेल असं. वही नेलीस तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. भाषा येत नाही म्हणून अडू नकोस, आकडे सगळ्यांना वाचता येतात. तिथल्या डॉक्टरांना आवरेना असं काही झालं तर तंजावरच्या पलीकडं ओरत्तनाडूला तमिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठाचं महाविद्यालय आहे, 2012 पासूनचं. तिथं ने. जाताना वही बरोबर घे, आणि पिल्लाची रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची आहे, ती तारीख आजच वहीत लिहून ठेव.